बिनपानाचं तूप

यंदा चैत्र सरायच्या आतच उन्हं तापली आणि स्वयंपाकघरातल्या तुपाच्या बरणीला वास आला. तूप विकतचं होतं. बायकोनं झाकण उघडलं, नाक मुरडलं आणि बरणी ओट्याच्या कडेला सरकवली. टाकून देण्याआधी मी ती एकदा हुंगली, मग पुन्हा एकदा. खवट वास. जुन्या रंगाच्या डब्यासारखा, घशाच्या मागं चिकटून बसणारा. या वासानं माणूस तोंड फिरवतो. आमच्या घरात एका उन्हाळ्यात चार माणसं त्याची वाट बघत होती, आणि तो येत नव्हता.

तो उन्हाळा आणीबाणी उठली त्या वर्षीचा. मी कोल्हापुरातल्या एका दैनिकात उपसंपादक होतो. इतके दिवस जे छापता येत नव्हतं ते सगळं एकदम टेबलावर येऊन पडत होतं, आणि त्यातलं खरं कोणतं नि ऐकीव कोणतं हे निवडण्यात दिवस जायचा. या धंद्यातली पहिली शिकवण अशी, की बातमीत विशेषण घालू नये आणि स्वतः न पाहिलेलं पाहिल्यासारखं लिहू नये. इथं जे सांगतो आहे त्यातलं काही मी पाहिलं, काही नंतर घरातल्यांकडून ऐकलं. ऐकलेलं असेल तिथं तसं म्हणेन.

घर गंगावेशीच्या अलीकडच्या एका बोळात. खाली दोन खोल्या, वर पत्र्याचा माळा, मागं गोठ्यात एक म्हैस. वडील, म्हणजे आबा, एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. चंदगडची गाडी कुठल्या फलाटाला लागली हे लाउडस्पीकर बंद पडला तरी सबंध स्टँडला ऐकू जाईल असा त्यांचा आवाज. घरीही ते त्याच आवाजात मीठ मागायचे. आई निपाणीकडची. रागावली की कानडीत पुटपुटायची, एरवी कमी बोलायची. आणि शालन, माझी धाकटी बहीण. एम.एस्सी. होऊन विद्यापीठात पाठ्यवृत्तीवर संशोधन करत होती. आमच्या भावकीत एवढी शिकलेली ती पहिली, त्यामुळे ती नेमकं काय करते हे कुणाला सांगता येत नसे. आबा म्हणायचे, "पोरगी तुपाचं बघती."

तसं ते चुकीचं नव्हतं. लोणी कढवताना शेवटी त्यात विड्याचं पान टाकायचं, हे आमच्याकडं घरोघर चालतं. का, असं विचारलं तर कुणी म्हणतं तूप रवाळ होतं, कुणी म्हणतं वास चांगला येतो, आणि बरेचजण नुसतंच "घालत्यात" म्हणतात. शालनचा विषय हाच होता. पानातल्या फिनॉलिक द्रव्यांमुळे तूप जास्त टिकतं का, आणि टिकत असेल तर किती. एकदा जेवताना तिनं मला समजावलं. दुधातली एन्झाइम्स कढवताना उष्णतेनं मरतात, त्यामुळे तूप नासवायला ती शिल्लक राहत नाहीत. नासवते ती हवा. ऑक्सिजन स्निग्ध पदार्थाच्या लांब साखळीत शिरतो, एक कडी तोडतो, तुटलेली कडी पुढची तोडते, आणि मग ते थांबत नाही. पानातलं द्रव्य एवढंच करतं, की तुपाच्या आधी स्वतः हवेपुढं उभं राहतं. ते आहे तोवर तूप शाबूत.

"आणि ते संपल्यावर?" मी विचारलं.

"मग तुपाची पाळी."

आता अँटिऑक्सिडंट हा शब्द बिस्किटांच्या पुड्यावर असतो, चहाच्या जाहिरातीत असतो, डॉक्टरांच्या सल्ल्याच्या सदरात दर आठवड्याला असतो. मी स्वतः तो शेकडो वेळा छपाईला सोडला असेल. तेव्हा आमच्या बोळात तो फक्त शालनच्या तोंडी होता, आणि ती तो उच्चारायला लागली की आबा हात वर करून म्हणायचे, "थांब, गाडी पुढं जाऊ दे."

प्रयोग साधा होता. आपल्याच म्हशीच्या दुधाचं लोणी. त्याचे दोन सारखे वाटे. एक पान घालून कढवायचा, दुसरा पान न घालता. दोन्ही तुपं तपकिरी बरण्यांत भरून पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवायची, कारण एप्रिल-मेमध्ये तिथं भट्टीसारखं तापायचं. विभागातल्या ओव्हनवर भरवसा नव्हता, वीज कधी जाईल सांगता येत नसे. मग ठरावीक दिवसांनी थोडं थोडं तूप विद्यापीठात नेऊन तपासायचं. बिनपानाचं तूप आधी नासणार, पानाचं नंतर. दोन्हींमधला फरक म्हणजे शालनचं वर्षभराचं काम.

हा फरक जूनच्या मध्याला समितीपुढं मांडायचा होता. तो दिसला तर पाठ्यवृत्ती पुढं चालू, नाही दिसला तर बंद. बंद झाली तर काय, हेही ठरलेलं होतं. चंदगडकडच्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवायची जागा होती आणि आबांनी तिथल्या चेअरमनला शब्द टाकून ठेवला होता. आबांना त्यात वाईट काही दिसत नव्हतं. "गाडी तर माझीच हाय," ते म्हणायचे. "खिडकीची जागा देऊन बसवून देतो." शालन वही उघडून बसायची. तिला शिकवायला आवडलं नसतं असं नाही. पण विभागातलं ते टेबल, त्यावरची काचेची उभी नळी, खिडकीतून दिसणारी बाभळ, हे एकदा सुटलं की पुन्हा मिळत नाही, हे ती जाणून होती. चंदगडला पावसाळ्यात चार महिने छत्री मिटत नाही. तिथून कोण परत येऊन संशोधन करतो?

तूप कढवलं त्या सकाळी मी कचेरीत होतो, तेव्हा हे ऐकीव. पहिल्या पातेल्याला शालन स्वतः थर्मामीटर घेऊन उभी होती. पान पडलं, तडतडलं, कुरकुरीत होऊन वर आलं. मग विभागातून निरोप आला, की बरण्या निर्जंतुक होऊन आल्यात, आत्ता घेऊन जा. शालन निघाली. जाताना आईला म्हणाली, की दुसऱ्या पातेल्यात पान घालायचं नाही. आई म्हणाली, "बरं." ती परतली तेव्हा दोन्ही पातेली निवत होती. दोन्ही तुपांचा रंग सारखा होता. तिनं ती गाळून भरली, बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या आणि शिडी लावून माळ्यावर चढवल्या. इथपर्यंत सगळं रीतसर.

तुपातलं तळलेलं पान आमच्या घरात आबांच्या ताटात जायचं. मीठ लावून, पहिल्या घासाबरोबर. ती त्यांची हक्काची वस्तू होती. लहानपणी शालननं आणि मी त्यासाठी रडून पाहिलं, पण आईनं नेम मोडला नाही.

मग वाट बघणं सुरू झालं.

एकदा मी विभागात जाऊन तपासणी पाहिली. तुपाचा थेंबभर नमुना चंचुपात्रात विरघळवायचा, त्यात एक क्षार टाकायचा. तूप जितकं बिघडलेलं तितकं त्यातून आयोडीन सुटतं. मग स्टार्च घातला की पात्रातलं पाणी निळं होतं. वरच्या नळीतून थेंब थेंब दुसरं द्रावण सोडत राहायचं आणि निळा रंग जाईपर्यंत किती लागलं ते बघायचं. जास्त थेंब म्हणजे जास्त नासलेलं. शालन पात्र हलवत होती, डोळा नळीवर. पानाचं तूप : चार थेंब पडले न पडले तोच निळा रंग गेला. बिनपानाचं तूप : तसंच. तिनं पात्र पांढऱ्या कागदावर धरून पाहिलं, मग खिडकीपाशी नेऊन पाहिलं. रंग खरंच गेला होता.

"पुन्हा करतो," ती म्हणाली. आमच्याकडच्या बायका 'करतो, जातो' असंच म्हणतात. विद्यापीठात ती 'करते' म्हणायची. त्या दिवशी तिला भान नव्हतं.

पुन्हा केलं. तसंच आलं.

वर्तमानपत्राला घडलेली गोष्ट लागते. न घडणाऱ्या गोष्टीला मथळा देता येत नाही. पण त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे न घडत होतं त्याचंच वजन सगळ्यांवर होतं. कचेरीतून आलो की चपला काढायच्या आधी मी वर बघायचो. शालन शिडी चढून जायची, बरणीचं झाकण उघडायची, नाक नेऊन थांबायची आणि झाकण लावायची. खाली आल्यावर तिच्या तोंडाकडं कुणी बघायचं नाही. आबा ड्यूटीवरून आले की पायरीवरूनच विचारायचे, "सुटला का वास?" आई चुलीकडं तोंड करून असायची.

बोळाला कळायला वेळ लागला नाही. शेजारच्या हौसाकाकू, ज्यांचा मुलगा तिसऱ्यांदा मॅट्रिकला बसला होता, ओट्यावर बसून गहू निवडता निवडता म्हणायच्या, "लोकं पोरं पास व्हायची वाट बघत्यात, आन् तुमी तूप नासायची. काय शालन, नापास झालं का न्हाय अजून?" शालन हसायची. मग आत येऊन पाण्याचा तांब्या एका दमात संपवायची.

मे उजाडला. माळ्यावर हात ठेववत नव्हता असं तापायचं. गोठ्यात म्हशीच्या अंगावर आई दिवसातून दोनदा पाणी मारायची. मुलांचे निकाल लागायचे दिवस जवळ येत होते आणि तूप होतं तसंच होतं, सोनेरी, रवाळ, देवघरात ठेवावं असं. शालनच्या मार्गदर्शकांनी, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणत, तिला बसवून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, की पान घातलेलं तूप टिकलं ही बातमी नव्हे. न घातलेलं टिकलं, तर एकतर पानाचा काही उपयोग नाही किंवा तुझ्या कामात चूक आहे. समितीला यातलं कोणतं सांगणार आहेस? हे तिनं घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं, बातमी वाचावी तसं. तिच्याबरोबर काम करणारा एक मुलगा होता. त्यानं वेगळा मार्ग सुचवला होता. बिनपानाच्या रकान्यात आकडा थोडा वर सरकव, म्हणाला, उन्हाळ्यात माळ्यावर चढून तूप हुंगायला समिती येत नाही.

"मग?" मी विचारलं.

"आकडाच लिहायचा असता तर चूल कशाला पेटवली?"

आई तेव्हा भाकरी थापत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा सुरू झाला. हे मी पाहिलं. अर्थ तेव्हा लागला नाही.

त्यानंतरच्या दिवसांत आईचं जेवण कमी झालं. शालनचं आधीच झालं होतं. एक बाई माळ्यावर चढायची, दुसरी ती उतरेपर्यंत शिडीखाली उभी राहायची. चंदगडच्या चेअरमनचा निरोप आला, की बाईंना जूनच्या सुरुवातीला हजर करा. आबांनी तो स्टँडवरच्या आवाजात वाचून दाखवला. मग घडी करून खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात म्हणाले, "घाई न्हाय म्हणा."

उलगडा एका रविवारी दुपारी झाला. घरापुरतं लोणी साठलं होतं, आईनं सकाळी तूप कढवलं होतं. चौघं जेवायला बसलो. आईनं नेहमीप्रमाणे तळलेलं पान मीठ लावून आबांच्या ताटात ठेवलं. आबांनी ते उचललं, उलटंपालटं केलं आणि म्हणाले, "एकच? त्या दिवशी दोन दिलतीस की."

"कवा?" आई म्हणाली. पण तिनं फार लवकर विचारलं.

"शालनचं तूप केलतंस तवा. एक चांगलं कडक, एक जरा नरम. नरम हाय म्हणून मीच बोललो न्हवं का?"

आबांना प्रयोगात एका पातेल्यात पान नको होतं हे ठाऊकच नव्हतं. त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यांनी कधी गाडी थांबवून ऐकूनही घेतलं नव्हतं. त्यांनी पान तोंडात टाकलं. त्याचा कुरकुर आवाज आम्हा तिघांना ऐकू आला.

शालननं हातातला घास ताटात ठेवला. आई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. मला वाटलं शालन ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं, कारण आईनं त्याची तयारी केलेली दिसत होती. पण शालन म्हणाली, "किती वेळ ठेवलंस पान?"

"अं?"

"तुपात. किती वेळ होतं?"

"ठेवलं कुठं? बुडिवलं नि काढलं. एवढंच." आईनं हात असा केला, जसा आपण मुलाला विहिरीत एक बुडी देऊन वर घेतो. मग तिचा आवाज चढला. "तुझ्या सरांच्या टेबलावर माझं तूप जाणार. त्याला वास सुटला तर कोण म्हणंल प्रयोग हाय? म्हणतील, हिच्या आईला तूप कढवता येत न्हाय. चार शिकली-सवरली माणसं नाकाला रुमाल लावतील. माझ्या हातच्या तुपाला. मला न्हाय बघवलं."

आबा चावायचे थांबले होते.

इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. ती मला आत्याकडून कळली, आईनं कधीच सांगितली नाही. आई लग्न होऊन आली त्या पहिल्या उन्हाळ्यात तिनं कढवलेलं तूप खवटलं. लोणी नीट कढलं नसेल किंवा भांडं ओलं असेल. आजीनं, म्हणजे तिच्या सासूनं, ते तूप बोळातल्या बायकांना हुंगायला दिलं आणि मग आईच्या देखत बैलगाडीच्या कण्याला वंगण म्हणून लावायला पाठवून दिलं. निपाणीचं वंगण, असं काही दिवस बोळात म्हणत. त्यानंतर आईच्या हातचं तूप कधी नासलं नाही. लग्नकार्यात लोणी कढवायला बायका तिलाच बोलवायच्या, आणि पहिला वास घ्यायला झाकण तीच उघडायची. एका बाईनं उभी हयात एका वासाविरुद्ध घालवली होती. तिला तिच्याच मुलीनं सांगितलं होतं, की हे तूप नासू दे.

त्या दिवशी शालन जेवली नाही. पण माळ्यावर गेली आणि बरण्या उघडून बसून राहिली. उतरली तेव्हा तिचा चेहरा रडल्यासारखा नव्हता, हिशेब जुळत आल्यासारखा होता. ती सरांकडं गेली आणि जे झालं ते सगळं सांगितलं. सरांनी विचारलं, की एका बुडीत एवढं होतं? शालन म्हणाली, होतं की नाही हे कळायला न बुडवलेलं तूप हवं, आणि ते माझ्याकडं नाही. सर म्हणाले, मग कर. पण तपकिरी बरण्या नकोत, उन्हात ठेव. उजेडानं तूप लवकर बिघडतं. आणि ऊन किती दिवस राहील ते मी सांगू शकत नाही.

आता लोणी तीन वाट्यांत. एका पातेल्यात पान नेहमीसारखं, एकात बुडवून काढलेलं, एकात मुळीच नाही. शेजारून दूध घेऊन लोणी पुरं पाडलं. या वेळी मी घरी थांबलो. पहिली दोन पातेली झाली. तिसरं चढवलं तेव्हा आईनं एक पान धुऊन, पुसून ताटलीत ठेवलेलं होतं. सवयीनं ठेवलं असावं. लोण्याचा आवाज बदलला, फेस बसला, बेरी तांबूस झाली. पान टाकायची वेळ ती. आईचा हात ताटलीकडं गेला. शालन तिच्याकडं बघत होती. आईनं ताटली उचलली आणि मागच्या दारी जाऊन पान म्हशीपुढं टाकलं. आल्यावर पातेलं उतरवलं आणि म्हणाली, "घे. नागडं तूप."

आबांनी त्या दिवशी दुसरं पान मागितलं नाही.

बरण्या पत्र्यावर ठेवल्या, वाळवणाच्या शेजारी. मेअखेरीस आमच्या बोळातल्या सगळ्या पत्र्यांवर कुरडया, सांडगे, पापड पसरलेले असायचे आणि प्रत्येक घरची एक बाई काठी घेऊन कावळे हाकत असायची. आई कुरडयांच्या जोडीनं बरण्याही राखू लागली. ऊन कललं की त्या पत्र्याच्या तापलेल्या बाजूला सरकवायची. हौसाकाकू पलीकडच्या पत्र्यावरून ओरडायच्या, "काय राखतीयास ग, सोनं हाय का?" आई म्हणायची, "व्हय." टिकावं म्हणून घातलेल्या वाळवणात बसून ती एक वस्तू बिघडावी म्हणून राखत होती.

आणि आभाळ भरायला लागलं. पन्हाळ्याच्या अंगानं दुपारी ढग वर यायचे, वारा सुटायचा, सगळ्या पत्र्यांवर एकदम धावपळ व्हायची. वळीव झाला की पत्रा दोन दिवस कोमट राहायचा. कचेरीत वेधशाळेचा अंदाज आला की मी आधी तोच वाचायचो. पाऊस केरळात पोचल्याची ओळ टेलिप्रिंटरवर आली तेव्हा टेबलावरच्या सगळ्यांना बरं वाटलं. मला नाही. आबांनी सुचवलं, की बरणी चंदगड गाडीच्या बॉनेटवर ठेवतो, घाट चढूस्तवर वास सुटला नाही तर नाव बदलीन. शालन म्हणाली, की मग तिन्ही ठेवाव्या लागतील. आबा खरोखर विचार करू लागले.

तो दिवस मला नीट आठवतो, कारण मी सुट्टीवर होतो. दुपार होती. पश्चिमेला काळं झालं होतं, पण पत्र्यावर अजून ऊन होतं. आई नेहमीसारखी वर गेली. तिनं पहिली बरणी उघडली, लावली. दुसरी उघडली, लावली. तिसरी उघडली आणि तशीच बसून राहिली. मी खालून बघत होतो. तिनं झाकण लावलं, शिडी उतरली, माठातलं पाणी घेऊन चूळ भरली. मग शालनला म्हणाली, "सुटला."

शालन तिसरी बरणी हुंगून, ती हातात घेऊन तशीच धावत सुटली. तिच्या मागं मी उरलेल्या दोन बरण्या घेऊन सायकलवर. विभागात तिनं हात पुसले, नमुना घेतला, स्टार्च घातला. पाणी निळं झालं. थेंब पडायला लागले. निळा रंग गेला नाही. ती थेंब सोडत राहिली, नळीतली रेघ खाली उतरत राहिली आणि निळा रंग तसाच होता. सर पाठीमागं येऊन उभे राहिले होते. बऱ्याच वेळानं पाणी एकदम स्वच्छ झालं. मग बुडी दिलेलं तूप लावलं. थोड्याच थेंबांत निळा रंग गेला. पानाच्या तुपाचा त्याहून कमी थेंबांत. बाहेर वारा सुटला होता आणि बाभळ खिडकीवर आपटत होती.

मी आजवर बऱ्याच निकालांना हजर राहिलो आहे. मतमोजणी, खटले, कुस्त्या. एवढ्या शांततेत लागलेला निकाल दुसरा आठवत नाही.

समितीपुढं शालननं तिन्ही बरण्या ठेवल्या. आधीच्या तुपात काय चूक झाली तेही सांगितलं. आम्हाला तिनं नंतर सगळं सांगितलं. पाठ्यवृत्ती चालू राहिली. चंदगडच्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घेतलं आणि आबांनी त्या बाईंना खिडकीची जागा देऊन बसवून दिलं. ते तसं बसवून द्यायचे.

शालन समितीहून घरी आली तेव्हा आई परसात भांडी घासत होती. निकाल आबांनी बोळाच्या तोंडापासूनच जाहीर करत आणला होता, त्यामुळे आईनं तो विचारला नाही.

"हुंगलं का त्यांनी?" ती म्हणाली.

"हुंगलं."

"नाक दाबलं?"

"एकांनी दाबलं. एक उठून खिडकीकडं गेले."

आईनं तांब्या विसळला. "कुणाच्या हातचं म्हणून इचारलं?"

"विचारलं."

"मग?"

"आईच्या, म्हणून सांगितलं."

आईनं तांब्या पालथा घातला. पुढचं भांडं घेतलं, घासलं, तेही पालथं घातलं. मग हात धुऊन तिनं शालनच्या पिशवीतून ती बरणी काढून घेतली. शालनला वाटलं, ओतून टाकायला नेतेय.

तिनं ती ओतली नाही. फडताळात, चांगल्या तुपाच्या बरणीशेजारी ठेवली. पुढं कितीतरी वर्षं घरी पावणे आले, शालनच्या शिक्षणाची चौकशी झाली, की आई दोन्ही बरण्या खाली काढायची. आधी चांगली उघडायची, हुंगायला द्यायची. पावणे मान डोलवायचे. मग दुसरी उघडायची. पावणे मागं सरकायचे, आणि आई बरणी त्यांच्या नाकाखालून न हलवता म्हणायची, "हे बी माझ्याच हातचं."